कठड्यापासून की जमिनीपासून

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर उन्हाळ्यात एक आलेख लावला होता, गावातल्या विहिरीच्या पाण्याचा. एक्सेलमध्ये कोणीतरी काढलेला, रंगीत प्रिंट, वरून प्लास्टिक. खाली महिने, डाव्या हाताला मीटर, अन् निळी रेघ ऑक्टोबरात खाली, तिथून चढत चढत मे महिन्यात पार वर. पानाची पिंक टाकून आलेला एक जण रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "मे मदी एवढं पानी? मंग टँकर काहून बलावला बे?" सगळे हसले, पण त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. रेघ वर गेली म्हणजे वाढलं, हे सगळ्यांच्याच डोक्यात शाळेपासून बसलेलं आहे. आलेख काढणाऱ्यानं आकडे पण बरोबरच टाकले होते. भूजल सर्वेक्षणवाले जानेवारी, मार्च, मे अन् ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरी मोजतात ते असंच मोजतात, पाणी जमिनीपासून किती खाली आहे. मे महिन्यात खोली जास्त, म्हणून आकडा मोठा, म्हणून रेघ वर. सगळं बरोबर अन् चित्र मात्र खोटं.

मी घरूनच काम करतो, चार्ट अन् डॅशबोर्डचं, त्यामुळे गावात कॉम्प्युटरवाला म्हणून माझी ओळख, अन् पीक विम्याच्या फॉर्मपासून अडकलेल्या प्रिंटरपर्यंत सगळं येतं माझ्याकडंच. तर मोठेबाबांनी (वडिलांचे थोरले भाऊ, गावातली ही विहीर गेली कित्येक वर्षं तेच मोजतात) फर्मान काढलं, "तू काढून दे बरं नीट. असा काढ का म्हातारीलेबी समजला पाहिजे." मी लगेच हो म्हटलं, कारण मला वाटलं नुसता अक्ष उलटा करायचा, एका ओळीचं काम.

आता यातली गंमत अशी की स्क्रीन मुळातच उलटी असते. शाळेत गुरुजी आलेखाच्या कागदावर शून्य खाली डावीकडं काढायला लावायचे, एक्स उजवीकडं, वाय वर. ब्राउझरमध्ये कॅनव्हास (कोडनं चित्र काढायची पाटी) उघडा, शून्य वर डावीकडं बसलेलं असतं अन् वाय खाली खाली वाढत जातो. एसव्हीजी नावाच्या चित्राच्या दुसऱ्या पद्धतीत पण तसंच. याचं मूळ जुन्या डबा टीव्हीत आहे, त्या काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून एकेक आडवी ओळ मारत खाली यायचा, मेमरीत पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) पण त्याच क्रमानं मांडले गेले, अन् मजकूर तर आपण वरून खाली वाचतोच. ते टीव्ही भंगारात गेले, शून्य मात्र तिथंच राहिलं. म्हणून नवीन पोरगं पहिला बार चार्ट काढतं तेव्हा सगळे बार छताला लटकलेले दिसतात अन् ते पोरगं अर्धा तास आपले आकडे तपासत बसतं.

मग कोणीतरी सांगतं, उंचीतून वजा कर. समजा चित्राची जागा वरून ४० व्या पिक्सेलपासून ४४० व्या पिक्सेलपर्यंत आहे, म्हणजे ४०० पिक्सेल उंच, अन् पाऊस दाखवायचा शून्य ते ४०० मिलिमीटर. जुलैत ३१० मिलिमीटर पडला, तर बारचा शेंडा कुठं? ४४० − ३१० = १३०. तळ ४४० वर, शेंडा १३० वर, बार सरळ उभा. आता त्याच चित्रात विहीर घ्या, शून्य ते १५ मीटर खोल. पाणी ९ मीटरवर आहे. ४० + (९ ÷ १५) × ४०० = २८०. पाहा, वजाबाकी कुठंच आली नाही. विहिरीत शून्य वर असतं, खोली खाली वाढते, स्क्रीनमध्येही शून्य वर अन् वाय खाली वाढतो. जिला आपण उलटी म्हणून शिव्या घालतो ती स्क्रीन विहिरीसाठी एकदम सरळ निघाली. मला हे जेव्हा लक्षात आलं तेव्हा मी एकटाच हसलो, आई म्हणाली काय झालं, आता तिला काय सांगणार.

डी३ नावाच्या, चार्ट काढायच्या तयार कोडच्या लायब्ररीत हे फार देखणं मांडलंय. डोमेन म्हणजे आपले आकडे, रेंज म्हणजे पिक्सेल, दोन्हीची दोन-दोन टोकं सांगायची, मधलं ती पाहून घेते. पावसाची रेंज ४४० ते ४०, विहिरीची ४० ते ४४०. उलट-सुलट जे काय असेल ते या दोन आकड्यांच्या क्रमात संपलं. काही लोक कॅनव्हासलाच स्केल लावतात, एक्सला १ अन् वायला उणे १, म्हणजे अख्खी पाटीच पालथी करतात, मला ती पद्धत बिलकुल पटत नाही कारण मग अक्षरं पण डोक्यावर उभी राहतात अन् प्रत्येक लेबल परत सरळ करत बसा.

आमच्याकडं कपाशी फुलीवर लावतात. म्हणजे वावरात उभ्या रेघा पाडायच्या, मग आडव्या, अन् जिथं रेघा एकमेकींना कापतात त्या फुलीवर सरकी टोबायची, मग पऱ्हाटी (कपाशीचं झाड) वाढली की डवरा (कोळपं) उभाही फिरतो अन् आडवाही. लहानपणी मी अन् चुलत भाऊ खाडे भरायचो, म्हणजे जिथं उगवलं नाही तिथं परत टोबायचं, अन् मोठेबाबा लांबून ओरडायचे, "चौथ्या तासात सातवी फुली!" (तास म्हणजे ओळ.) भाऊ नाल्याकडच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून मोजायचा, मी रस्त्याकडच्या, अन् दोघं दोन वेगळ्या फुल्यांवर बसलेले. तास चौथंच, फुली सातवीच, आकडे दोघांचे बरोबर. धुरा कोणता ते मोठेबाबांनी सांगितलं नव्हतं, कारण ते जिथं उभे होते तोच धुरा, हे त्यांच्या दृष्टीनं सांगायची गोष्टच नव्हती. प्रोग्रॅममधल्या निम्म्या भानगडी मला याच जातीच्या वाटतात, आकडा देणारा आपल्या धुऱ्यावर उभा असतो.

अन् फुलीचं आणखी एक आहे. कॅनव्हासवर एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ बरोबर १०० वर मारली तर ती भुरकट दिसते, दोन पिक्सेल रुंद अन् फिकी. लोक याला मॉनिटरचा दोष समजतात. कॅनव्हासमधले पूर्ण आकडे म्हणजे फुल्या, रेघा कापतात त्या जागा, अन् पिक्सेल म्हणजे चार फुल्यांच्या मधली मोकळी जमीन. १०० वर मारलेली रेघ ९९.५ ते १००.५ पसरते, म्हणजे अर्धी या चौकोनात, अर्धी त्या चौकोनात, अन् संगणक बिचारा दोन्हीत अर्धा-अर्धा रंग भरतो. १००.५ वर मारा, अख्खी एका चौकोनात बसते, धारदार.

हे सगळं झालं पिक्सेलच्या बाजूचं. खरी डोकेदुखी आकड्यांच्या बाजूला होती, कारण खात्याचे आकडे वर्षाचे चार अन् मला दर पंधरवड्याचे पाहिजे होते, ते होते मोठेबाबांच्या वहीत. अन् वहीत मीटर नाही, हात. दोराला दगड बांधून सोडायचा, पाण्याला लागला की आवाज येतो, तिथं दोराला गाठ, मग दोर वर ओढून कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हातानं मोजत जायचं. "पंचवीस हात." मी टेप आणून त्यांचा हात मोजला, ४७ सेंटीमीटर भरला, ते बसले होते गुमान, म्हणे "इंजेक्शन देऊन राहिला का बे मले?" मग विहिरीचा कठडा मोजला, जमिनीपासून ७५ सेंटीमीटर, कारण दोर सोडतात कठड्यावरून अन् आपल्याला खोली पाहिजे जमिनीपासून.

मग हिशेब. २५ हात गुणिले ०.४७ म्हणजे ११.७५ मीटर, त्यातून कठडा ०.७५ वजा, ११ मीटर. आधी वजा केलं असतं तर? २५ मधून ०.७५ काढले, २४.२५, गुणिले ०.४७, उत्तर येतं ११.४०. चाळीस सेंटीमीटर पाणी नुसतं क्रम बदलल्यानं गायब. कठडा मीटरमध्ये मोजलाय, तो हातातून वजा करता येत नाही, हे कागदावर लिहिलं की पोराला पण दिसतं, पण कोडमध्ये एक गुणाकार अन् एक वजाबाकी शेजारी शेजारी उभे असले की दोघंही सारखेच निरागस दिसतात. सरकवणं अन् ताणणं या दोन गोष्टी आहेत, एकीत शून्य हलतं, दुसरीत माप बदलतं, अन् कोण आधी हे बदललं की उत्तर बदलतं.

गंमत म्हणून मी दोन्ही पायऱ्या एकात मिसळून पाहिल्या. हातातून मीटर, मीटरमधून पिक्सेल. सगळं सोडवलं की उरतं, पिक्सेल = १२.५३ × हात + २०. पंचवीस हात टाका, ३३३ येतं, बरोबर. संगणकाच्या आतली ट्रान्सफॉर्म मॅट्रिक्स हेच करते, दहा पायऱ्या असल्या तरी गुणून एकच करून टाकते, जलद होतं. पण मी कोडमध्ये असं एकत्र लिहून ठेवत नाही. त्या १२.५३ मध्ये मोठेबाबांचा हात आहे अन् त्या २० मध्ये कठडा विरघळलाय, सहा महिन्यांनी मलाच ओळखू येणार नाही. हात-ते-मीटर वेगळं फंक्शन, मीटर-ते-पिक्सेल वेगळं, अन् व्हेरिएबलच्या नावातच एकक, हा माझा हट्ट आहे, ऑफिसातले लोक हसतात हसू देत.

भिंतीवर कागद लागला तशी पोट्ट्यांनी मोबाइलवर लिंक मागितली. मोबाइलवर मग बोट लावलं की आकडा दिसला पाहिजे, म्हणजे आता प्रवास उलटा, पिक्सेलपासून पाण्याकडं. इथं कळतं की नुसतं जाणं येऊन भागत नाही. बोटाचा आकडा ब्राउझर देतो तो दिसणाऱ्या पानाच्या वरच्या कडेपासून, चित्राच्या कडेपासून नाही. समजा २८६. चित्र पानावर १२० पासून सुरू होतं, वजा केलं, १६६. पण माझा कॅनव्हास आतून ४८० उंच अन् मोबाइलवर आवळून २४० मध्ये दाखवलेला, म्हणून दुप्पट, ३३२. त्यातून ४० वजा, भागिले ४००, गुणिले १५, उत्तर १०.९५ मीटर. येताना ज्या पायऱ्यांनी आलो त्याच पायऱ्या उलट्या क्रमानं, अन् प्रत्येक क्रिया पण उलटी. यातली दुपटीची पायरी सुटली तरी लॅपटॉपवर सगळं झकास चालतं कारण तिथं कॅनव्हास आवळलेला नसतो, अन् मोबाइलवर बोट मे महिन्यावर ठेवलं की आकडा जानेवारीचा. शिवाय मोबाइलच्या एका सीएसएस पिक्सेलमागं (ब्राउझर पान मोजतो तो पिक्सेल) खरे दोन किंवा तीन पिक्सेल असतात ते वेगळंच, ते लक्षात घेतलं नाही तर अक्षरं धुकट दिसतात. डी३ मध्ये इन्व्हर्ट नावाचं फंक्शन तयारच मिळतं, पण ते फक्त शेवटच्या पायरीचं, आधीच्या दोन आपल्यालाच करायच्या.

आईची मागणी वेगळी होती. तिला आलेखावर मृग अन् पोळा पाहिजे होता. तिचं म्हणणं जानेवारी-मार्च कोण लक्षात ठेवते, पोळ्याले पाणी कुठं होतं ते सांग. मागणी चांगली होती. पण पोळ्याची उभी रेघ मारायची तर एक्सला तारीख लागते, म्हणजे आकड्यांच्या दुनियेतली जागा, अन् 'पोळा' हे अक्षर मात्र चित्राच्या वरच्या कडेलाच राहिलं पाहिजे, त्या वर्षी पाणी ३ मीटरवर असो का ८. मॅटप्लॉटलिब या चार्टच्या दुसऱ्या लायब्ररीत यासाठी मुख्य अशा चार वेगवेगळ्या मोजण्या आहेत, आपल्या आकड्यांची, अक्षांच्या चौकटीची (खालचा डावा कोपरा शून्य, वरचा उजवा एक), अख्ख्या आकृतीची, अन् शेवटी पिक्सेलची. अन् एक्स एका मोजणीत, वाय दुसऱ्या मोजणीत असं मिसळताही येतं. तारीख आकड्यात, उंची ०.९७ चौकटीत, झाला पोळा जागेवर, तो आता अक्ष कितीही ताणा हलत नाही. पण मॅटप्लॉटलिबनं देवनागरीशी कित्येक वर्षं उभा दावा मांडलेला, पहिली वेलांटी अक्षराच्या मागं, जोडाक्षरं फुटलेली, म्हणून मी ते तिथं करून पाहून शेवटी एसव्हीजीवरच आलो. ब्राउझरला मराठी येते.

इथपर्यंत एकच विहीर होती. मग नाल्याकडच्या वाडीतले लोक म्हणाले आमची पण टाका, अन् टाकली तर भांडणाला विषय. वरच्या विहिरीत पाणी ११ मीटरवर, खालच्या विहिरीत ७.५ मीटरवर, चित्रात खालच्यांची रेघ वर. लगेच वरचे लोक, "तुमच्याकडं पाणी वर अन् आमचं खाली, तुमच्या बोअरनं ओढलं." अरे बाप्पा, दोघांचं शून्य आपापल्या जमिनीवर आहे अन् जमीन एका उंचीवर नाही. त्यासाठी आम्ही एका गवंडीभाऊला धरलं, त्याचा तो पारदर्शक लेव्हल पाइप, आत पाणी भरून दोन टोकांना दोन जण, पाइपाची लांबी संपली की खूण, परत पुढं, असं करत वरच्या विहिरीपासून खालच्या विहिरीपर्यंत उतरलो, मधातून एकदा शेळ्या घुसल्या अन् ती फेरी परत करावी लागली. फरक निघाला ५.२ मीटर. आता खालच्या विहिरीची जमीन शून्य धरा, तर तिचं पाणी उणे ७.५, अन् वरच्या विहिरीचं ५.२ − ११, म्हणजे उणे ५.८. ज्यांचं पाणी जास्त खोल, त्यांचंच पाणी १.७ मीटर उंच. यानं बोअरचा वाद मिटत नाही, तो मिटवायला बरंच काही मोजावं लागेल, पण निदान एकाच धुऱ्यावरून मोजणं सुरू झालं.

असं गावागावांचं शून्य एक करत गेलं तर शेवटी समुद्रावरच जावं लागतं, अन् हे काम आपल्याच भागातून गेलेलं आहे. नागपूरच्या झीरो माइलला लोक घोड्यांच्या पुतळ्यांसोबत फोटो काढतात अन् भारताचा मध्य म्हणून टाकतात, तो वाद राहू द्या, मला तिथला १९०७ सालचा बेंचमार्कचा, म्हणजे उंचीच्या खुणेचा दगड जास्त भारी वाटतो, समुद्रसपाटीपासून उंची १०२०.१७१ फूट. फुटाचे तीन दशांश! अन् ज्या माणसानं १८०२ मध्ये मद्रासला साखळी टाकून देश त्रिकोणात मोजायला घेतला तो विल्यम लॅम्ब्टन, मोजत मोजत वर येताना जानेवारी १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटात वारला, कबर तिथंच आहे. आम्ही हिंगणघाटला जायचो ते कापसाच्या गाड्या घेऊन, कोणी सांगितलं नाही बा.

मग हौस वाढली अन् तालुक्याच्या विहिरी नकाशावर टाकू म्हटलं. अक्षांश-रेखांश तसेच एक्स-वायला लावले तर चित्र थोडं फताडं येतं, कारण आपल्याकडं रेखांशाचा एक अंश साधारण १०४ किलोमीटर अन् अक्षांशाचा ११० च्या वर, म्हणून नकाशाची मीटरमधली यूटीएम पद्धत बरी. पण यूटीएम सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत मोजते अन् ४३ व ४४ या दोन पट्ट्यांची शीव ७८ अंश रेखांश, ती विदर्भाच्या पोटातूनच जाते. चांदूर रेल्वे इकडच्या पट्ट्यात, धामणगाव तिकडच्या. शिवेच्या अलीकडच्या विहिरीचा एक्स आठ लाखांच्या वर, पलीकडच्या विहिरीचा एक लाख नव्वद हजाराच्या आतबाहेर, कारण प्रत्येक पट्टा आपल्या मधल्या रेघेला पाच लाख म्हणतो. दोन्ही एकाच चार्टवर टाकल्या तर रेल्वेनं पंधरा-वीस मिनिटांचं अंतर सहाशे किलोमीटर दिसतं. एकच पट्टा धरायचा अन् सगळ्यांना त्यात आणायचं, शिवेपाशी तेवढं चालतं. अन् अक्षांश-रेखांशाची अदलाबदल ही तर सार्वत्रिक आहे, गुगल मॅप आधी अक्षांश दाखवतो, जिओजेसन या नकाशाच्या फाइलींच्या पद्धतीत आधी रेखांश, उलटं टाकलं की नागपूर थेट नॉर्वेच्या स्वालबार्डात, बर्फात. इतकं लांब गेलं की लगेच कळतं तरी. सगळ्यात वाईट ते थोडंसंच सरकलेलं, जुने सर्व्हे नकाशे पृथ्वीच्या एव्हरेस्ट नावाच्या मानलेल्या गोळ्यावर अन् मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या गोळ्यावर, विहीर शेजाऱ्याच्या वावरात दिसते अन् कोणाला संशय पण येत नाही.

मध्यंतरी ग्रामपंचायतीनं वरच्या विहिरीचा कठडा उंच बांधला, शेळी पडली होती म्हणून. ७५ सेंटीमीटरचा झाला १२०. पुढच्या पंधरवड्याला वहीत पाणी एक हात खाली, अन् पाऊस तर चांगला पडलेला. म्हणून आता कोडमध्ये कठडा हा एक आकडा नाही, तारखेसहित तक्ता आहे, या तारखेपर्यंत ०.७५, त्यानंतर १.२०, अन् तशीच एक जागा हातासाठी पण करून ठेवली, कारण मोठेबाबांचा गुडघा धरला आहे, दिवाळीपासून दोर चुलत भाऊ सोडणार. त्याचा हात अजून मोजायचा आहे, सापडतच नाही घरी.